टाइम ऑफिसच्या खिडकीतून: पस्तीसचे सत्तावीस कुठे झाले?

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी तीस वर्षं काढली. आधी हजेरी, मग पगारपत्रक. आमच्या खिडकीला जाळी होती आणि जाळीत वीतभर भोक. त्यातून पगाराची पाकिटं बाहेर जायची आणि प्रश्न आत यायचे. पाकिटं कधीच बंद झाली, पगार बँकेत जातो. प्रश्न मात्र तेच आहेत, फक्त आता ते ई-मेलनं येतात आणि त्यात इंग्रजी शब्द वाढलेत. या महिन्याची पत्रं बहुतेक शब्दांचीच आहेत.

काकू, यंदा इंजिनिअरिंग झालं. मिहानमधल्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलं, सीटीसी ४.२० लाख. मी घरी, मामाकडे, सगळीकडे महिन्याला पस्तीस हजार सांगून बसलो. पहिला पगार जमा झाला २७,०००. एचआरला विचारलं तर म्हणे पगाराचा ब्रेकअप, म्हणजे फोड, पाहा. पाहिला, पण काही समजून नाही राहिलं. कंपनी फसवून राहिली का? (वाचक, उमरेड रोड)

नाही रे बाप्पा. तू पाठवलेला ब्रेकअप मी चष्मा पुसून दोनदा पाहिला, हिशेब बरोबर आहे. घाई तुझ्या भागाकाराची झाली.

वर्षभरात तू कंपनीला एकूण कितीला पडतोस, तो आकडा म्हणजे सीटीसी. तुझ्या हाती काय येतं त्याच्याशी त्याचा संबंध लांबचा. कळमन्यातून संत्र्यांची पेटी आणली की पेटीचं लाकूड, आतला पेंढा, हमाली, सगळं त्या दरात असतं. खायला मात्र संत्रीच मिळतात. तुझ्या पेटीत काय आहे ते पाहू.

महिन्याचे ३५,००० धर. त्यातले १,८०० कंपनी तुझ्या नावानं पीएफला भरते. ८४० ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाची, तरतूद. ३६० तुमच्या ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता. आणि ३,००० व्हेरिएबल पे, म्हणजे वर्षाचे ३६,०००, जे वर्षअखेरीस तुझं आणि कंपनीचं काम पाहून मिळतील, कमी मिळतील किंवा मिळणारही नाहीत. हे सहा हजार गेले. उरले २९,०००, त्याला ग्रॉस म्हणायचं: बेसिक १७,५००, घरभाडे भत्ता ७,०००, स्पेशल अलाउन्स ४,५००. आता यातून तुझ्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला. राहिले सत्तावीस. यालाच पोरं इन-हँड म्हणतात. फेब्रुवारीत शंभर रुपये आणखी कमी येतील, तेव्हा मला पत्र लिहू नकोस. महाराष्ट्रात व्यवसाय कर वर्षाला २,५०० आहे, तो अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा कापतात. तुझ्या वर्गातल्या मुलीला याच पगारावर तेवढाच कापला जाईल, पण महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर बायकांना हा कर माफ आहे.

आता पीएफ. हा शब्द सगळ्यांना पाठ असतो आणि पासबुक कुणीच उघडत नाही. बेसिक आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के तू भरायचे, तेवढेच कंपनीनं. बऱ्याच कंपन्या हा हिशेब १५,००० च्या मर्यादेवर करतात, म्हणून तुझे १,८०० आले. तुझे १,८०० सगळेच्या सगळे पीएफ खात्यात जातात. तुझी पहिलीच नोकरी आणि बेसिक १५,००० च्या वर, म्हणून कंपनीचे १,८०० सुद्धा पीएफमध्येच जायला हवेत. पण लागताना ज्यांचं बेसिक १५,००० पर्यंत असतं, त्यांच्या कंपनीच्या १,८०० मधले १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ५५० पीएफमध्ये. तेव्हा अशा मित्राच्या पासबुकात २,३५० दिसले, की "बाराशे पन्नास कोणी खाल्ले" म्हणून त्याला रघुजीनगरच्या पीएफ ऑफिसात भांडायला जाऊ देऊ नकोस. मी खिडकीत बसून हे वाक्य शेकड्यानं ऐकलंय. दहा वर्षं नोकरी भरली, तर त्या पैशाची वयाच्या ५८ व्या वर्षापासून पेन्शन होते. पीएफवर २०२४-२५ सालासाठी ८.२५ टक्के व्याज होतं. बँकेच्या एफडीशी ताडून पाहा आणि मग ठरव, की नोकरी बदलताना हा पैसा काढून नवीन मोबाइल घ्यायचा का.

नोकरी बदलली तरी यूएएन, म्हणजे पीएफचा तुझा कायमचा नंबर, बदलत नाही. तो बारा आकडी नंबर २०१४ पासून आला. दुसऱ्या कंपनीत जॉइन होताना जुनाच नंबर द्यायचा. "मला नवीन काढून द्या" म्हणणारी पोरं पुढे दोन नंबर एकत्र करायला वर्षभर फिरतात.

ग्रॅच्युइटीचे ८४० तुला दर महिन्याला दिसतील आणि कधीच मिळणार नाहीत असं वाटेल. कायम नोकरीत पाच वर्षं सलग झाल्याशिवाय तो पैसा हातात येत नाही. हिशेब सोपा आहे: शेवटच्या पगाराला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं, पुढे जितकी वर्षं तितक्यांनी. तुझं बेसिक पाच वर्षं इथेच अडकलं (अडकू नये) आणि नुसतं तेच धरलं, तरी साडेपन्नास हजारांच्या आसपास होतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. ज्यांची नोकरी ठरावीक मुदतीची, म्हणजे फिक्स्ड टर्म आहे, त्यांना त्यानुसार एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी लागू होते. पत्रात "फिक्स्ड टर्म" असं लिहिलं असेल तर हे ध्यानात ठेव.

खरी फसवणूक दोन ठिकाणी असते. एक, कंपनी आपल्या वाट्याचा पीएफसुद्धा तुझ्या ग्रॉसमधून कापते. सीटीसीत तो मोजणं वेगळं, पगारातून कापणं वेगळं, आणि दुसऱ्याला कायद्यात परवानगी नाही. दोन, स्लिपवर कपात दिसते पण पैसा पीएफला पोचतच नाही. त्यासाठी नोंदलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दे. यूएएन आधारशी जोडलेलं असेल तर शेवटचा भरणा आणि शिल्लक एसएमएसनं येते. महिन्यातून एकदा कर, केपीवर (कस्तुरचंद पार्कवर) पोहे खाताखाताही होतं.

मामाला सत्तावीस सांग. पेढे त्यानं तरीही खाल्ले असते.

आदरणीय काकू, मी बी.कॉम. आहे. एका फर्ममध्ये अकाउंट्सला लागले तेव्हा तीन महिने प्रोबेशन सांगितलं होतं. आठ महिने झाले, अजून मी प्रोबेशनवरच आहे असं म्हणतात. मला दुसरीकडे चांगली नोकरी लागून राहिली आहे, पण इथे साठ दिवसांचा नोटीस पीरियड आहे, शिवाय दोन वर्षांचा एक लाखाचा बाँड सही करून घेतला आहे आणि माझ्या मूळ मार्कशीट त्यांच्याकडे आहेत. बाबा म्हणतात राजीनामा न देता, न सांगताच कामावर जाणं बंद कर, मार्कशीट डुप्लिकेट काढू. काय करू? (वाचक, नंदनवन)

बाबांना माझा नमस्कार सांग आणि त्यांचं ऐकू नकोस. कारण त्यांनी सांगितलंय तेच मी १९९१ साली केलं होतं.

बर्डीच्या मागे एका छापखान्यात मी तीन वर्षं हिशेब लिहिले. मालकाशी रजेवरून वाजलं, दुसऱ्या दिवशी गेले नाही. एवढंच. राजीनामा नाही, रिलीव्हिंग लेटर नाही, अनुभवाचा दाखला नाही. पीएफ कापला जायचा, त्याचा नंबर एका कार्डाच्या तुकड्यावर होता, तो तुकडा घर बदलताना कुठे गेला देव जाणे. पुढे हिंगण्यात मुलाखतीला बसले तर साहेबांनी विचारलं, आधीचा अनुभव? मी म्हटलं, तीन वर्षं. ते म्हणाले, दाखवा. दाखवायला काही नव्हतं, म्हणून मला नवशिकीचा पगार लागला. माझ्या आयुष्यातली ती तीन वर्षं मला आठवतात, कागदाला आठवत नाहीत. पीएफचे ते पैसे आजतागायत मिळाले नाहीत.

म्हणून आता एकेक शब्द घेऊ. प्रोबेशन म्हणजे पारख करण्याचा काळ. तो संपल्यावर काय, यासाठी नेमणुकीच्या पत्रात "कन्फर्मेशन लेटर मिळेपर्यंत प्रोबेशन चालू समजावे" अशी ओळ असते का ते पाहा. असेल तर ते म्हणतात त्याला आधार आहे, नसेल तर तीन महिन्यांनी तुला कायम का केलं नाही हे लेखी विचारता येतं. याचा तुला आत्ता एक फायदाच आहे: बहुतेक पत्रांत प्रोबेशनवरच्या माणसाचा नोटीस पीरियड कमी असतो, पंधरा दिवस किंवा महिना. तू अजून प्रोबेशनवर आहेस असं तेच म्हणत असतील, तर साठ दिवस कुठून आले? पत्र काढ, दोन्ही ओळी शेजारी ठेव आणि हसून विचार.

नोटीस पीरियड म्हणजे राजीनामा दिल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंतचा काळ. तेवढे दिवस राहायचं नसेल तर तितक्या दिवसांचा पगार भरून मोकळं होता येतं, तशी सोय पत्रात असेल तर. त्याला नोटीस पे म्हणतात. नवी कंपनी गरजू असली तर कधीकधी तो भरूनही देते, त्याला बायआउट म्हणतात. विचारायला लाजू नकोस, ते नाही म्हणतील फार तर. राजीनामा ई-मेलनं दे, म्हणजे तारीख पक्की राहते. तोंडी दिलेल्या राजीनाम्याला तारीख नसते.

बाँडचं प्रकरण जरा सबुरीनं. "बाँड म्हणजे फालतू कागद, कोर्टात टिकत नाही" असं कट्ट्यावरचा प्रत्येक वकील सांगतो. हे अर्धंच खरं आहे. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे कामच करायचं नाही, अशी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. पण नोकरीत असताना अमुक वर्षं राहीन, नाहीतर अमुक रक्कम भरीन, ही अट वेगळी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांचा, दोन लाखांचा असा बाँड वैध धरला. ती सरकारी बँक होती, जाहिरात देऊन भरती करावी लागते, तो खर्च न्यायालयानं लक्षात घेतला. तुझ्या फर्मनं तुझ्यावर काय खर्च केला? टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, तू कॉलेजातच शिकली होतीस असं तू पत्रात लिहिलंयस. कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, भरपाई वाजवी तेवढीच. म्हणजे एक लाख लिहिलं म्हणून एक लाख वसूल होतातच असं नाही. पण दुर्लक्ष करण्याजोगाही तो कागद नाही. नोटीस दिल्यावर बाँडचा विषय त्यांनाच काढू दे, आणि काढला तर माझ्या प्रशिक्षणावर झालेला खर्च लेखी द्या, एवढंच म्हण.

मूळ मार्कशीट ठेवून घेण्याचा अधिकार त्यांना नाही. तपासायच्या आणि परत द्यायच्या. आज संध्याकाळीच एक ई-मेल टाक: अमुक तारखेला मी या या गुणपत्रिका दिल्या, नव्या कामासाठी लागताहेत, सात दिवसांत परत कराव्यात. राजीनाम्याच्या आधी टाक, नंतर नाही. बाबा म्हणतात तशी डुप्लिकेट विद्यापीठातून मिळेल, पण ती हरवलेल्या कागदाची वाट आहे. आपली मार्कशीट हरवलेली नाही, कपाटात आहे आणि किल्ली कुणाकडे आहे ते आपल्याला माहीत आहे. दिल्या नाहीत तर कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज कर. बहुतेक वेळा अर्जाची प्रत नुसती दाखवली तरी कपाट उघडतं.

निघताना तीन कागद: रिलीव्हिंग लेटर, एक्स्पीरियन्स लेटर आणि फुल अँड फायनलचा हिशेब. पहिलं म्हणजे अमुक तारखेला मोकळं केलं. दुसरं म्हणजे अमुक काळ अमुक काम केलं. नवी कंपनी पहिलं मागते, दहा वर्षांनी दुसरं लागतं. फुल अँड फायनल म्हणजे उरलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि कपाती जुळवून केलेला शेवटचा हिशेब. नव्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतं करायला सांगितलंय. आमच्याकडे पंचेचाळीस दिवस लागायचे, आणि उशीर करणाऱ्यांत मीही होते, हे कबूल करते.

नमस्कार. माझा मुलगा आयटीआय फिटर. बुटीबोरीत एका कारखान्यात लागला. तिथे कोणी त्याला ट्रेनी म्हणतात, कोणी अप्रेंटिस, ओळखपत्रावर ठेकेदाराचं नाव आहे. पीएफ कापत नाही. अन् त्याचा मित्र मुख्यमंत्र्यांच्या योजनेत आहे, त्याला दर महिन्याला आठ हजार मिळतात. आमच्या पोराचं नेमकं काय आहे? (एक वडील, वाडी)

भाऊसाहेब, तुमच्या पोराला एकच प्रश्न विचारायला लावा: मी कुणाच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, आहे?

अप्रेंटिस हा कायद्यातला शब्द आहे, १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यातला. खरा अप्रेंटिस असेल तर त्याचा करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला असतो, करारावर मुदत असते, पगाराऐवजी विद्यावेतन मिळतं, आणि त्यावर पीएफ किंवा ईएसआय (कामगार विमा) कापत नाहीत. शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. नोकरी देणं कारखान्यावर बंधनकारक नाही, पण रेल्वेपासून ऑर्डनन्स फॅक्टरीपर्यंत त्या प्रमाणपत्राला किंमत आहे. तेव्हा करार नोंदलेला असेल तर पीएफ नाही म्हणून तक्रार करू नका, मन लावून मुदत पुरी करू द्या.

ट्रेनी हा कायद्यातला शब्द नव्हे. तो कारखान्यानं ठेवलेला शब्द आहे. नोंदलेला करार नाही, शिकवत कोणी नाही, मशीनवर पूर्ण पाळी करतो, तर तो कामगार आहे, त्याला काहीही म्हणा. आणि ओळखपत्रावर ठेकेदाराचं नाव असेल तर त्याचा मालक ठेकेदार. वीस किंवा जास्त माणसं असतील तिथे पीएफ लागू, दहा किंवा जास्त असतील तिथे ईएसआय. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कारखान्यावर येते, हे फार कमी पोरांना माहीत असतं आणि फार कमी ठेकेदार सांगतात.

ईएसआयबद्दल मुद्दाम सांगते, कारण फिटरच्या हातापायाचं काम आहे. वेतन महिना २१,००० पर्यंत असणाऱ्यांना ही योजना आहे. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. त्यात त्याचं आणि घरच्यांचं औषधपाणी होतं, सोमवारी पेठेतलं कामगार विमा रुग्णालय त्याच योजनेचं. आजारपणात घरी बसावं लागलं तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. आमच्याकडे पोरं म्हणायची, काहून कापता मॅडम दीडशे रुपये, आम्ही काय आजारी पडतो का. पडत नव्हती, हे खरं. पण एकाचं बोट प्रेसमध्ये गेलं, त्यानंतर वर्षभर त्या खात्यातून कोणी हा प्रश्न विचारला नाही.

मित्राचं वेगळं आहे. ती २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. बारावीला ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० असं विद्यावेतन आहे आणि ते सरकार देतं. ती नोकरी नाही आणि मुदत संपली की संपली. नोंदणी महास्वयम पोर्टलवर होते. आमच्या वेळी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या कार्डासाठी उन्हात रांग लावावी लागे, आणि कॉल यायला कार्ड पिवळं पडे. आता रांग नाही, एवढी प्रगती मानायची.

काकू, एका कन्सल्टन्सीनं रजिस्ट्रेशनचे पंधरा हजार मागितले आहेत, कोळसा कंपनीत पर्मनंट लावून देतो म्हणतात. जॉइनिंग लेटरचा नमुनाही पाठवला. देऊ का? (वाचक, काटोल)

नको. वेकोलि (कोळसा खाणींची सरकारी कंपनी) असो, मॉइल (मँगनीजची) असो की रेल्वे, भरती जाहिरातीनं होते आणि फी भरायची असली तर त्यांच्याच संकेतस्थळावर. कोणाच्या फोन-पे वर नाही. पत्राचा नमुना पोलिसांना दाखवा.

बायोडाटा, रेझ्युमे आणि सीव्ही यांत फरक काय? (वाचक, मानेवाडा)

सीव्ही लांबलचक, प्राध्यापकी-संशोधनासाठी. रेझ्युमे एक-दोन पानांचा, त्या एका नोकरीपुरता. नव्या पोराला एक पान पुष्कळ झालं. बायोडाटा आपल्याकडे लग्नासाठी. हे मी गमतीनं सांगत नाही. २००९ साली फिटरच्या जागेसाठी एका पोट्ट्याचा अर्ज आला, घरात जो तयार होता तोच त्यानं जोडला होता: रास कन्या, रंग गव्हाळ, उंची पाच-सहा, अपेक्षा सुस्वभावी. पण त्यात आयटीआयचा ट्रेड, टक्के आणि शेजाऱ्याचा फोन नंबर स्वच्छ अक्षरात होते, आणि त्या दिवशीच्या बाकी अर्जांत ते तिन्ही सापडायला मला पान उलटावं लागत होतं. त्याला घेतलं. मी रिटायर झाले तेव्हा तो चार्जहँड, म्हणजे कामगारांच्या गटाचा प्रमुख, झाला होता.